सगुणीने फुगवलेला उद्या

डोंगराच्या कुशीत सुरंगवाडी नावाची एक वाडी होती. एवढीशी वाडी. एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या टोकाच्या घरात शिंक यायची. वरच्या टोकाला, देवराईला अगदी टेकून, सगुणी आणि तिची आई येसू राहायच्या. घर कसलं, कुडाच्या भिंती आणि वर गवत. चुलीवर कधी पेज शिजायची, कधी नुसतं पाणी उकळायचं आणि आई म्हणायची, "पेज होतेय, जरा खेळून ये." सगुणी जायची, खेळायची, आणि परत आल्यावर पेजेचं विचारायची नाही. पोर शहाणी होती.

येसूचे पाय एका तापात गेले. सगुणी तेव्हा पाळण्यात होती. तेव्हापासून येसू ओट्यावर बसून नारळाच्या झावळ्यांची झापं विणायची, सगुणी ती घरोघर पोचवायची, आणि कोणी मूठभर तांदूळ द्यायचं, कोणी नुसतं "ठेव तिथं" म्हणायचं.

त्या वर्षी होळी झाली आणि वाडीचा झरा आटायला लागला. आधी मनगटाएवढी धार होती, ती करंगळीएवढी झाली, मग नुसती दगडाला ओल राहिली. बायका वाटीवाटीने पाणी भरू लागल्या. गुरं खुंट्याला बांधलेली, जीभ काढून उभी. सगळे म्हणू लागले, घाट उतरून नदीकाठी जावं. दुसरे सगळे म्हणू लागले, वाडवडिलांची वाडी सोडायची नाही. आणि गंमत अशी की सकाळी जो जाऊ म्हणायचा तोच दुपारी राहू म्हणायचा.

आता वाडीची रीत सांगायला हवी. सुरंगवाडीत काही अडलं की कौल लावायचे. देवराईच्या तोंडाशी एक काळा दगड, तोच देव. बाबल गुरव त्याला पाण्याने भिजवायचा, उजव्या अंगाला एक पाकळी चिकटवायचा, डाव्या अंगाला एक, आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न जमवायचं असो की रेडा विकायचा असो, सगळं पाकळीवर. स्वतःचं डोकं चालवणं म्हणजे वाडीत उद्धटपणा समजत.

तर बाबलने विचारलं, "देवा, वाडी सोडून जायचं का?"

दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

परत लावल्या. एकही पडेना. माणसं उभी राहून राहून बसली, बसून बसून पेंगली. तिसऱ्यांदा लावल्या तर उजवी पाकळी मुंगी उचलून घेऊन गेली. मुंगीला कोणी विचारलं नव्हतं. आता हा हो की नाही, यावर रावजी गावकर आणि तुळसाकाकी यांचं जे जुंपलं ते जेवायची वेळ झाली तरी मिटेना. रावजी वाडीचा मानकरी, आणि तुळसाकाकी म्हणजे जिच्यापुढे मानकऱ्याचंही चालत नाही अशी बाई.

"फुलं शिळी आहेत," बाबल शेवटी म्हणाला. "उद्या ताजी आणू, संध्याकाळी लावू. काय गो सगुणी, पहाट झाली की देवराईत जा. सुरंगीची खाली पडलेली फुलं वेच. फांदीला हात लावलास तर कान उपटीन. आणि हा गडू घे, झऱ्यात उरलंसुरलं पाणी भरून आण. देवाचं पाणी आहे, सांडू नको."

घरी आल्यावर आई म्हणाली, "कौल जायचा आला तर तू रावजीच्या माणसांबरोबर जा, बाय."

"आणि तू?"

"मला घाटातून पाठीवर कोण नेणार? मी राहीन इथे. झापं विणीन."

"पाणी कुठलं पिशील?"

"त्याचं बघू."

सगुणीने खूप विचार केला. जायचं ठरलं तर आई मागे राहते. राहायचं ठरलं तर पाणी नाही. म्हणजे उजवी पाकळी पडली तरी आई जाते आणि डावी पडली तरी आईच जाते. मग देवाला विचारायचं तरी काय? तिच्या डोक्यात भोवरा फिरायला लागला आणि तो काही थांबेना.

सकाळी ती देवराईत शिरली. आत काय गारवा, आणि काय रंग! पानांतून गाळून आलेलं ऊन हिरवं, पोपटी, मधाच्या रंगाचं. इवलीइवली निळी पाखरं पाचोळ्यावर नाचत होती. वेलींवर चिमुकले दवाचे मणी लुकलुकत होते, आणि सुरंगीच्या फुलांचा वास असा की नाकाला वाटावं आपण जेवलो. पण नीट बघितलं तर पानांच्या कडा करपलेल्या होत्या. देवराईलाही तहान लागली होती.

सगुणीने ओंजळभर फुलं वेचली. झऱ्यातून गडू कसाबसा भरला. परत फिरताना तिला दिसलं एक रोप. वीतभर सुरंगीचं रोप, मान टाकलेलं, पानं चुरगळलेली.

ती उकिडवी बसली. गडूकडे बघितलं, रोपाकडे बघितलं. देवाचं पाणी. सांडलं तर बाबल कान उपटणार.

"देवाला नुसतं भिजायचंय," ती रोपाला म्हणाली, "तुला तर प्यायचंय." आणि तिने अर्धा गडू मुळाशी ओतला.

"कोमट आहे," कोणीतरी म्हणालं.

पानाआडून एक एवढुशी परी बाहेर आली. अंगठ्याएवढी. पंख चतुराच्या पंखांसारखे पातळ, त्यात सोनेरी, जांभळे, मोरपिशी रंग सळसळत होते. केसांत परागांची पिवळी भुकटी, झगा सुरंगीच्या पाकळीचा, पावलांत दवाचे पैंजण. पण चेहरा झोपमोड झालेल्या माणसासारखा.

"तू कोण गो?"

"परी."

"परी खरंच असते?"

"हे तू मलाच विचारतेस. मी नाही कशी म्हणू? पाणी पाजलंस, आता माग काय ते."

"वाडीने जावं की राहावं?"

"हे मागणं नाही, हा प्रश्न झाला. प्रश्न दगडाला विचारायचे. माझ्याकडे मागायचं असतं."

सगुणी गोंधळली. "मला माहीतच नाही काय मागू."

"मग आधी बघ. न बघता मागतात ती माणसं मागाहून माझ्या नावाने बोंबलतात." परीने फणसाच्या पानाचा द्रोण काढला, त्यात रिठ्याचा पांढराशुभ्र फेस केला, आणि पपईच्या पानाचा पोकळ देठ सगुणीच्या हातात दिला. "डोळे मिटून उद्याचा दिवस बघायचा. मग फुंकर मारायची. फुगा होईल, त्यात शिरायचं. जे तू बघितलंस ते आत असेल, जे नाही बघितलंस ते नसेल. आवडलं तर हो म्हण, तोच उद्या खरा होईल. नाही आवडलं तर नको म्हण, फुटून जाईल. फेस तीन फुंकरांचा आहे. आणखी एक नियम होता, तो आठवत नाही. आठवला की सांगते."

सगुणीने डोळे मिटले. झरा भरून वाहतोय. आई दोन पायांवर उभी आहे, ताठ, सगळ्यांत उंच. तिने फुंकर मारली.

फुगा भोपळ्याएवढा झाला, मग घराएवढा, आणि सप्तरंगांत न्हात ती आत शिरली. पाणीच पाणी. झुळझुळ, चमचम, मोत्यांसारखे तुषार. आणि काठावर आई उभी. सगुणी धावली, तिने आईचा पदर ओढला. आई वळली. चेहऱ्याच्या जागी नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत काहीतरी होतं.

सगुणीने आईला उभी राहिलेली कधी बघितलीच नव्हती. पाय बघता बघता ती आईला बघायचं विसरली होती. आणि आजूबाजूला चिमणी नाही, शेळी नाही, माणूस नाही. पाणी कोणासाठी वाहत होतं तेही कळेना.

"नको," ती म्हणाली. फट्. फुगा गेला.

"आता कळलं," ती परीला म्हणाली. पण कळलं नव्हतं.

दुसऱ्यांदा तिने सगळं घातलं. आई ओट्यावर बसलेली, तोंडावर देवीच्या खुणा, डाव्या भुवईवरचा तीळ, सगळं. चिमण्या घातल्या, शेळ्या घातल्या, रावजी घातला, तुळसाकाकी घातली. बाबल गुरव नाही घातला. कान उपटतो तो.

फुगा झाला. रंग याही फुग्याला होते, गुलाबी, आकाशी, चंदेरी. आत गेल्यावर सगळे तिच्याकडे बघून गोड हसले. सगुणी म्हणाली, "तुळसाकाकी, पाणी भरलंस?" तुळसाकाकी हसली. "रावजीआजोबा, झरा कुठून आला?" रावजी हसला. आईसुद्धा हसली आणि गप्प बसली. तुळसाकाकी अशी गप्प हसतेय म्हणजे बाई आजारी आहे की काय. जत्रेतल्या लाकडी बाहुल्यांसारखी सगळी मंडळी. देवाचा दगड कोरडा ठणठणीत, कोणी भिजवणारा नाही.

"यांना बोलता का येत नाही?" सगुणीने विचारलं.

"काय बोलतील ते तू बघितलंस का?" बाहेरून परी म्हणाली.

"मला काय ठाऊक ते काय बोलतील?"

"मग मला तरी काय ठाऊक?"

"नको," सगुणी म्हणाली, आणि फुगा फुटल्यावर तिथेच बसून रडली. एकच फुंकर उरली होती. ती चुकली तर संध्याकाळी पाकळी पडणार आणि आई जाणार. "मी त्यांना विचारून आले तर?" ती नाक पुसत म्हणाली. "ते उद्यात काय करणार, ते?"

परीने डोकं खाजवलं, पराग उडाले. "असं अजून कोणी विचारलं नव्हतं. चालतं असं कुठे सांगितलेलं नाही. चालत नाही असंही सांगितलेलं नाही. जा. पण ऊन त्या फणसाच्या शेंड्यावर पोचलं की फेस सुकेल."

सगुणी धूम पळाली.

तुळसाकाकी अंगणात रिकाम्या कळशीवर बसली होती. "उद्या? उद्या कसला, आजच्यासारखाच, उन्हाचा."

"पण समज पाणी आहे. मग?"

"समज काय समज. डोक्यावर पडलीस काय?" तुळसाकाकी म्हणाली. मग तिने परसाकडे बघितलं. "असलं तर परसात अळू लावीन. हे एवढाल्या पानांचं. आणि कोणाला देणार नाही." परत म्हणाली, "येसूला देईन. ती मागत नाही म्हणून."

रावजी गावकर म्हणाला, "पाणी आलं की पहिलं कोणी भरायचं यावरून भांडण होणार. मी मधे उभा राहणार. घसा बसेपर्यंत ओरडणार. त्याशिवाय मानकरी कशाला म्हणतात मला? या सगळ्या दुष्काळात भांडायलासुद्धा काही उरलेलं नाही, पोरी."

बाबल गुरव देवापुढे एकटाच बसला होता. सगुणी लांबूनच म्हणाली, "काका, तुमच्या उद्यात काय असतं?"

"मला कशाला विचारतेस? विचारायचं काम माझं." तो गुरगुरला. पण तिला जवळ यायची खूण केली. "खरं सांगू? मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही. सगळे माझ्या तोंडून देवाला विचारतात." त्याने आवाज खाली आणला. "मी लहान असताना त्या वरच्या कातळाला कान लावला की आत पाणी गुळगुळ वाजायचं. अजून वाजतं. माझ्या उद्यात ते बाहेर येतं."

"मग ते पाणी काढू का, असं देवाला का नाही विचारलंत?"

"कोणी विचारायला सांगितलंच नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच घोटाळ्यात पडल्यासारखा दगडाकडे बघत राहिला.

सगुणी घरी आली. ऊन फणसाच्या बुंध्याशी आलं होतं. "आये, लवकर सांग. तुझ्या उद्यात काय आहे?"

आईचा हात झापावर थांबला. "तू असशील नदीकाठी. पोटभर पाणी, शिकशील सवरशील."

"आणि तू?"

"मी त्यात नाही गो."

"मग मी पण नाही," सगुणी म्हणाली, आणि ओट्याच्या कडेला पाठ करून बसली. ऊन सरकत होतं तरी ती हलली नाही. हट्टाला ती आईवर गेली होती.

शेवटी आई म्हणाली, "माझ्या माहेरी पन्हळ होती. पोफळीचं खोड मधोमध चिरायचं, पोखरायचं, एकाला एक जोडायचं. डोंगरावरचं पाणी त्यातून दाराशी यायचं. अशी पन्हळ इथे आली तर सगळी वाडी माझ्या दारात भरायला येईल. पायांचं मला काही वाटत नाही, बाय. माणसं येत नाहीत त्याचं वाटतं. मी इथे बसून प्रत्येकीला टोमणे मारीन. तुळसाला तर दोन जास्त."

सगुणी हसली. तिने आईच्या गळ्यात हात टाकले आणि पळायला लागली. आई मागून ओरडली, "आणि तू? तू कुठे असशील त्यात?"

सगुणी थबकली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्यांना विचारलं, स्वतःला विचारायचं राहिलं.

"माझ्यासमोर बस," आई म्हणाली. "पन्हळीखाली पाय सोडून. मला दिसशील अशी."

ऊन फणसाच्या पहिल्या फांदीवर चढलं तेव्हा सगुणीने देवराईत परत पोचून देठ फेसात बुडवला. डोळे मिटले. बाबलचं पाणी, आईची पन्हळ, काकीचं अळू, रावजीचा बसलेला घसा. कोण कुठे ठेवावं तेच सुचेना. एक नीट ठेवावं तर दुसरं सरकायचं. छाती भरून श्वास घेतला आणि सगळंच्या सगळं फुंकून टाकलं.

फुगा झाला तो वाकडातिकडा, पण त्याचे रंग! शेंदरी, मोतिया, डाळिंबी, पिस्त्याचा, नाव नसलेलेसुद्धा. आत तर नुसता गलका. बायका कळशा आपटत होत्या. रावजी मधे उभा राहून ओरडत होता आणि त्याचं कोणी ऐकत नव्हतं. पाणी पन्हळीतून येत होतं, मधेच अळूत घुसत होतं, कुठे तर चक्क चढावर वाहत होतं. बाबल गुरव दोन ठिकाणी एकदम दिसत होता. एक शेळी कोणाचं तरी धोतर खात होती, आणि ही शेळी सगुणीने घातलेली नव्हतीच.

"फार घोटाळा झालाय," सगुणी रडकुंडीला आली. "मला यातलं अर्धं कळत नाही."

"नीट कळेल असा उद्या मला अजून कोणी दाखवलेला नाही," परी म्हणाली. "हो की नको? फेस सुकत आलाय."

सगुणीने गर्दीतून आईला शोधलं. आई दारात बसली होती. तुळसाकाकीला काहीतरी बोलत होती. काय बोलली ते सगुणीने मनात बघितलंच नव्हतं, पण तुळसाकाकी कळशी खाली ठेवून पोट धरून हसली, आणि आईचे डोळे असे चमकले की सगुणीला ते नवीनच वाटले.

"हो," ती म्हणाली.

फुगा फुटला नाही. तो झाडांवरून तरंगत, झगमगत वाडीकडे गेला.

"तो राहिलेला नियम आठवला," परी म्हणाली. "हो म्हटल्यावर स्वतः कामाला लागायचं असतं." आणि पानाआड गेली.

संध्याकाळी वाडी गोळा झाली. सगुणीने अर्धा गडू पुढे केला आणि खरं ते सांगून टाकलं, रोपाला पाजलं म्हणून. तिने कान हातांनी झाकून घेतले. बाबलने गडूत बघितलं. "भागेल एवढ्यात," तो म्हणाला.

त्याने दगड भिजवला, पाकळ्या लावल्या. मग घसा खाकरला. "देवा, वरच्या कातळाखालचं पाणी काढून येसूच्या दाराशी आणू का?"

"असा प्रश्न आजवर झालेला नाही," रावजी म्हणाला.

"म्हणूनच तर झरा आटला," तुळसाकाकी म्हणाली.

वारा नव्हता. मुंगी नव्हती. उजवी पाकळी सावकाश सुटली आणि भिरभिरत खाली आली.

दुसऱ्या दिवशी पुरुष पहारी घेऊन कातळाशी गेले, बायकांनी पडलेल्या पोफळी चिरायला घेतल्या. येसू ओट्यावरून सांगत होती, असं पोखरा, तसं जोडा, आणि माणसं तिचं ऐकत होती. कातळ हलता हलेना. माती निघाली, मग नुसता चिखल. एकजण म्हणाला, आपण त्या पोरीच्या नादी लागलो. दुसरा म्हणाला, पाकळी उजवी म्हणजे आपली उजवी की देवाची? झालं, परत सगळे गोंधळले. सगुणीलाही कळेना आपण हो म्हटलं ते बरोबर की चूक. तिने चिखलात हात घातला आणि ओंजळीने तो उपसत राहिली. तिच्या शेजारी बाबल बसला. मग तुळसाकाकी. मग सगळेच.

कातळाच्या पोटात गुळगुळ झालं. आणि पाणी आलं. गढूळ, मग दुधी, मग स्फटिकासारखं, उड्या मारत, फेसाळत, इंद्रधनू उधळत. पन्हळीपन्हळीतून खळखळत ते येसूच्या दाराशी येऊन पडलं. पहिलं कोणी भरायचं यावरून लगेच भांडण लागलं.

सगुणी आईसमोर पाण्यात पाय सोडून बसली. तेव्हा तिला दिसलं, पन्हळीच्या काठावर परी बसली होती.

"आता पुढे काय होईल?" सगुणीने हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक," परी म्हणाली. पहिल्यांदाच ती हसली. "पुढचं तू बघ." तिने पंख उघडले. ते सोनेरी झाले, मग पांढरे, मग नुसता प्रकाश. तो पाण्यावर पसरला, सगळ्यांच्या तोंडावर लखलखला, आणि माणसांनी डोळे चोळून बघितलं तर तिथे परी नव्हती, ऊन होतं.

"काय लकाकलं गो?" आईने विचारलं.

"सांगते," सगुणी म्हणाली. पण तेवढ्यात तुळसाकाकीची कळशी रावजीच्या पायावर पडली, आणि येसू काय बोलली ते ऐकायला सगळी वाडी दारात थांबली.

गोष्ट इथे आमच्या हातून सुटली. ज्याला गोड लागली त्याने जपावी, ज्याला नाही लागली त्याने डोळे मिटून स्वतःची बघावी.